साचेखात्याची बोली

खोटं कशाला सांगा, शकुला बोलता येत नाही असं पाच वर्षांत तिच्या घरात कुणाला कधी वाटलंच नव्हतं. ती दिवसभर बोलायची. बांधावर बसून शंभर पावलांवर फळी ओढणाऱ्या बापाशी बोलायची. भाकरी झाली, आई बोलावतेय, कुत्रं मिठाच्या राशीवर चढलं, मुकादम झोपलाय, सगळी बातमी तिच्याकडं. फक्त हे बोलणं तोंडानं नव्हतं, हातांनी होतं. अंगठा ओठाला लावला की चहा. मनगटावर दोन बोटं आपटली की वेळ झाली. मूठ वर धरली की थांब. आणि शर्टाची कॉलर चिमटीत धरली की जॉबर आला, कामाला लागा. जॉबर म्हणजे मिलमधला मुकादम, तो कांजूरच्या मिठागरावर कुठला आलाय? पण शकु मुकादमाला जॉबरच म्हणायची आणि गुणाजी पालव फळी ओढता ओढता एकटाच हसायचा.

ही बोली साचेखात्यातली. गुणाजीनं सतरा वर्षं मिलमध्ये साचे, म्हणजे माग, चालवले होते. शेदीडशे साचे एकदम खडखडायला लागले की शेजारचा माणूस कानाशी येऊन बोंबलला तरी ऐकू येत नाही. तिथं माणसं समोरच्याचे ओठ बघतात आणि हातांनी उत्तर देतात. पुढं कान जातात, मग बाहेरही तेच. गुणाजीचे दोन्ही गेले. बोलता त्याला येत होतं, पण आपला आवाज केवढा निघतो हे त्याला कळेना झालं. करी रोडच्या चाळीत एकच खोली, त्यात तो, बायको शेवंती आणि धाकटा भाऊ धोंडू. भाऊही मिलमध्येच, पण दुसऱ्या पाळीला. म्हणजे चोवीस तास कुणीतरी पाळी करून झोपलेलं. गुणाजीनं नुसतं पाणी मागितलं तरी धोंडू दचकून उठून बसायचा आणि शिव्या घालायचा.

त्या खोलीत शकु जन्मली. रडली की शेवंती तिला उचलून गॅलरीत पळायची. ती पोर पहिलं काही शिकली असेल तर ओठांवर बोट ठेवायला. रातपाळी करून आलेला बाप दिवसा तिला मांडीवर घेऊन बसायचा आणि दोघं हातांनी गप्पा मारायची. चाळीतल्या बायका म्हणायच्या, काय गुणी पोर आहे, हूं नाही की चूं नाही. शेवंतीला त्याचा केवढा अभिमान. मूल मुकं राहतंय आणि आई मिरवतेय, असं ते चाललं होतं. पण तिला तरी कसं कळावं? पोरीला सगळं समजत होतं, सांगितलं ते काम करत होती, आणि तिनं हात हलवला की घरातल्या प्रत्येकाला तिचं म्हणणं कळत होतं. मग तोंड उघडायची गरज कुणाला पडणार?

ब्याऐंशीच्या जानेवारीत संप झाला. तो काही मिटला नाही. धोंडू गावी निघून गेला, खोली सुटली. गुणाजीच्या गावचा सहदेव कांजूरला मिठागरावर मुकादम होता, त्यानं दोघांना कामाला लावलं आणि बांधाच्या कडेला पत्रा-प्लास्टिकची झोपडी घालू दिली. आता कुणी झोपलेलं नव्हतं, कुणाला आवाजाचा त्रास नव्हता. पण सवय लागली ती लागलीच.

मिठागराचं काम म्हणजे पायांचं मरण. दिवाळीनंतर खाचरांचा तळ पायांनी तुडवून घट्ट करायचा, उधाणाला खाडीचं पाणी आत घ्यायचं, उन्हानं ते आटवायचं, पापुद्रा धरला की लांब दांड्याच्या फळीनं मीठ ओढून बांधाशी आणायचं. बायकांनी टोपल्या भरून डोक्यावरून राशीपर्यंत न्यायच्या. गुणाजीच्या टाचांना अशा भेगा पडल्या होत्या की बोट आत जावं. रात्री शेवंती त्यात मेण वितळवून भरायची आणि सकाळी खारं पाणी ते उकरून काढायचं. दुपारी पांढऱ्या मिठावरून ऊन असं डोळ्यांत घुसायचं की माणसं आंधळ्यासारखी चाचपडत चालायची. त्या उन्हात मान वर केली की बांधावर फडकं पांघरून बसलेली शकु दिसायची, हात हलवताना. साचेखात्यातला एक माणूस तेवढा त्याच्याबरोबर इथवर आला होता, असंच त्याला वाटायचं.

चौऱ्याऐंशीच्या मार्चमध्ये शाळेचे लोक झोपड्यांतून पोरांची नावं लिहीत फिरले आणि शकुला घेऊन या म्हणाले. गुणाजी घेऊन गेला. टेबलामागं हेडमास्तर बसले होते. त्यांनी शकुला नाव विचारलं. शकुनं त्यांच्याकडं बघितलं, त्यांच्या इस्त्रीच्या शर्टाकडं बघितलं, मग बापाकडं वळून आपल्या फ्रॉकची कॉलर चिमटीत धरली. जॉबर. गुणाजीला हसू आवरेना. ते हसू हेडमास्तरांना लागलं. त्यांनी परत विचारलं, शकुनं परत हात हलवले, गुणाजीनंही सवयीनं हातांनीच तिला सांगितलं की नाव सांग.

"दोघंही तसलेच का?" हेडमास्तर शेजारच्या बाईंना म्हणाले. ओठ गुणाजीला वाचता येतात, हे त्यांना कुठं ठाऊक होतं.

"मी भैरो आसंय. मुको नाय," गुणाजी म्हणाला, आणि खोलीतली सगळी माणसं दचकली.

हेडमास्तरांनी मग सरळच सांगितलं. न बोलणारं मूल या शाळेत घेता येत नाही. शहरात मुक्या मुलांची शाळा आहे, तिथंच राहायचं, दिवाळीत आणि मे महिन्यात घरी. जूनमध्ये परत आणा; तोवर स्वतःच्या तोंडानं नाव सांगितलं तर इथं घेऊ, नाहीतर तिकडची चिठ्ठी देतो. त्याआधी म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात कान दाखवून झालेच होते. डॉक्टरांनी मागून टाळी वाजवली, शकु वळली, डॉक्टर म्हणाले, कान ठीक, जीभ ठीक, बोलत का नाही ते तिलाच विचारा. सांगायला यांचं काय जातं!

त्या रात्री शेवंती जेवली नाही. पाच वर्षांची पोर परक्या ठिकाणी टाकायची, आणि तीही मुकी म्हणून, जी मुकी नाहीच. आपण गॅलरीत पळत होतो तेव्हा हे करून ठेवलं, असं ती म्हणाली. गुणाजीनं ते तिच्या ओठांवरून वाचलं.

मिठागराच्या टोकाला एक बालवाडी होती. कुठल्या तरी संस्थेची, एक शेड आणि पुढं मोकळं अंगण. तिथली शिक्षिका मॉनिका, मरोळच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतली, आडव्या बांध्याची, तोंडानं फटकळ. संस्थेचे लोक महिन्यातून एकदा येत आणि पोरं रांगेत बसून कविता म्हणताना दिसली की खूश होऊन जात. ते गेले की मॉनिका पाट्या गोळा करून कोपऱ्यात ठेवी आणि पोरांना अंगणात हाकली. तिचं एकच म्हणणं, पोर बसवलं की त्याचं तोंड बंद होतं, पळवलं की उघडतं. मग डोंगर-पाणी, लंगडी, शिवाशिवी, आट्यापाट्या, आणि प्रत्येक खेळात काहीतरी ओरडायचंच. उडी मारताना 'वर', बसताना 'खाली', शिवलं तर ज्याला शिवलं त्याचं नाव. नाव नाही घेतलं तर शिवलं ते फुकट. शेवंती शकुला तिथं सोडून आली आणि टोपल्या वाहायला गेली.

पहिले आठ दिवस शकु नुसतीच पळाली. पळायला चपळ, पण कुणाला शिवलं की नाव घेता येईना, म्हणून शिवणं फुकट जायचं. मग मॉनिकानं हुतूतू लावला. हुतूतूला तोंडाशिवाय गत नाही. शकु ओठ घट्ट मिटून समोरच्या गटात घुसायची, दोघातिघांना शिवून परत यायची, आणि सगळी पोरं ओरडायची, दम नाही, दम नाही, बाद. तिनं हातवारे करून भांडून बघितलं. ते हातवारे तिथं कुणाला येत होते? चौथ्या दिवशी बाद झाल्यावर तिनं मातीत लाथा झाडल्या. सहाव्या दिवशी घुसली ती तोंडानं काहीतरी घासल्यासारखा आवाज करत. 'तु, तु, तु'. एवढंच. पण मॉनिकानं खेळ थांबवला नाही, शाबासकी दिली नाही, टाळ्या वाजवल्या नाहीत. म्हणाली, दोन गडी बाद, पुढं चला. आणि शकुचं तोंड जे फुललं ते बघायला तिथं तिच्या घरचं कुणी नव्हतं.

संध्याकाळी मॉनिका स्वतः झोपडीवर आली. गुणाजी पाय भिजवत बसला होता. मॉनिका भरभर बोलत होती आणि तोंड शेवंतीकडं होतं, त्यामुळं गुणाजीला निम्मंच कळलं. ती गेल्यावर शेवंती त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि एकेक शब्द सुटा करून बोलली.

"आजपासून तिच्यासमोर हात हलवूचे नाय. तुमी पण नाय, मी पण नाय. तिणा हातान मागल्यान तर देवचा नाय."

गुणाजीनं पायानं भांड्यातलं पाणी ढवळलं. मग म्हणाला,

"मगे माझ्याशी कोण बोलतला?"

"मी आसंय मा," शेवंती म्हणाली.

ती होती, कुठं जात नव्हती. पण दिवसभर डोक्यावर टोपल्या आणि रात्री भाकऱ्या, तिचं तोंड त्याला सरळ दिसायचं ते दिवसातून पाच मिनिटं. आणि पोरीचं तोंड वाचणं तर आणखी अवघड. ती आवाज काढायची ती पळताना, उडी मारताना, वळताना. बहिऱ्याला स्थिर तोंड लागतं. शकु थांबली की गप्प, आणि बोलायला लागली की तोंड हाताला लागत नाही, असा पेच. गुणाजीला हे सगळं त्या रात्रीच कळलं होतं. कळूनही तो हो म्हणाला, कारण दुसरीकडं हॉस्टेल होतं.

मॉनिकानं शेवंतीला घरचा खेळ सांगितला होता, फुगडी. फुगडीत दोन्ही हात दुसऱ्याच्या हातात अडकलेले. बोलायचं तर तोंडच उरतं. शेवंती गावात असताना गौरीच्या रात्री झिम्मा-फुगडीला पहिली असायची. आता भाकऱ्या थापून झाल्या की ती पदर खोचायची, शकुचे हात तिढा घालून पकडायची आणि झोपडीपुढच्या चौरसात गरगर फिरायला लागायची. फू, फू, फू. आधी नुसता श्वास, मग श्वासावर आवाज, मग आवाजावर नाव. 'श-कु', 'श-कु', एका गिरकीला एक, आणि पुढं पुढं अख्खं नाव. दिवसभर ओझं वाहिलेल्या बाईच्या पोटऱ्या थरथरायच्या, पण ती थांबायची नाही. गुणाजी उंबऱ्यावर बसून बघायचा. दोघींची तोंडं गरगर फिरायची, एकदा आईची पाठ दिसायची, एकदा पोरीची.

"आवाज इलो?" तो विचारायचा.

"इलो," शेवंती मान हलवायची.

त्याला तेवढ्यावर विश्वास ठेवावा लागे.

दिवसाचं मात्र कठीण होतं. बालवाडी अकराला सुटली की शकु बांधावर यायची आणि बापाला हात दाखवायची. गुणाजीनं फळीचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरायचा आणि मान खाली घालायची. शकुला वाटायचं, दिसलं नसेल. मग ती मोठे हात करायची, बांधावर उड्या मारायची. तो फळी ओढत राहायचा. मग ती खाचरात उतरून त्याच्यापुढं येऊन उभी राहायची आणि अगदी तोंडासमोर हात करून विचारायची, काय झालं, रागावलास? तो बाजूनं फळी काढून पुढं जायचा. तीन दिवस पोरगी रडली. चौथ्या दिवशी तिनं त्याच्या मांडीला चावा घेतला. त्या जागी खारं पाणी लागून आग आग झाली, पण त्यानं दांडा सोडला नाही. एकदाच चुकला. तिनं पाणी मागितलं, आणि उन्हात पोर तहानलेली बघून त्याचा हात आपोआप उठला, मडकं तिकडं आहे म्हणून. ते मॉनिकाला कुणीतरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती बांधावर येऊन त्याला सर्वांसमोर वाजवून गेली. पुरुषमाणूस, वयानं तिच्यापेक्षा मोठा, गप उभा राहून ऐकून घेतलं. ऐकून म्हणजे, बघून.

त्यानंतर तो हात मागं बांधून चालायला लागला. कामावर नसला की दोन्ही हात हाफ पँटच्या खिशात. शेवंतीशीही तोंडानंच बोलायचा, आणि त्याचा आवाज ऐकून शेजारची जानकी आपलं तान्हं पोर उचलून दूर जायची.

मे महिन्याच्या मध्यावर आभाळ भरून यायला लागलं. पाऊस आधी पडला तर खाचरातलं मीठ पाणी होऊन जाणार, म्हणून सहदेवनं सगळ्यांना पहाटेपासून जुंपलं. कुणी मान वर करायची नाही. अशाच एका दुपारी शकु खाचरात उतरली. बापाच्या मागोमाग येत होती. मिठाच्या खड्यानं तिचा तळपाय कापला होता आणि कापलेल्यात खारं पाणी शिरत होतं. ते काय असतं ते ज्याचा पाय कापलाय त्यालाच कळतं. हात दाखवून उपयोग नाही हे ती एव्हाना शिकली होती. बाप पाठमोरा होता. ती एका पायावर लंगडी घालत त्याच्यामागं उड्या मारत होती, आणि प्रत्येक उडीला तिचं तोंड उघडत होतं.

गुणाजी फळी ओढतच राहिला. आजूबाजूची माणसं उभी राहिली होती. टोपलीवाल्या बायका उभ्या राहिल्या होत्या. सहदेव शिव्या घालायला पुढं आला आणि तोही थांबला. मग त्यानं पाण्यातून येऊन गुणाजीच्या खांद्यावर थाप मारली.

"अरे, चेडू साद घालता तुझा. कवाधरना बाबा बाबा करता."

गुणाजी वळला तेव्हा शकु खाचरात बसली होती. तोंड मिटलेलं, गालावर पाणी, आणि पायाखालचं पाणी लाल. पाच वर्षांत पहिल्यांदा मुलीनं हाक मारली ती सगळ्या मिठागरानं ऐकली, आणि ज्याला मारली त्यानं नाही. त्यानं तिला उचललं, गोड्या पाण्यानं पाय धुतला, फडकं बांधलं. परत म्हण, असं सांगायला त्याचा हात उठला होता. त्यानं तो काखेत दाबून धरला आणि तोंडानं म्हणाला, परत साद घाल. शकु त्याच्या आवाजानं दचकली आणि आईकडं गेली.

जूनमध्ये राशींवर गवताची शाकारणी चालली होती. ते काम बायकांचं, म्हणून शेवंतीला सुट्टी नव्हती. शाळेत गुणाजीच गेला. शकुच्या केसांना तेल चोपडून दोन वेण्या घातलेल्या, फ्रॉक जानकीच्या थोरल्या मुलीचा. व्हरांड्यात टेबल, टेबलामागं तेच हेडमास्तर, पुढं आयाबापांची रांग. हेडमास्तरांनी स्टुलाकडं बोट दाखवलं. शकु बसली. बसवली ना, झालं. बसवलं की पोराचं तोंड बंद, हे मॉनिकाचं म्हणणं गुणाजीला तिथंच आठवलं.

"नाव काय तुझं?"

शकुनं ओठ मिटले. पाय स्टुलावरून लोंबकळत होते, जमिनीला टेकत नव्हते. तिनं बापाकडं बघितलं, आणि तिचे हात हळूहळू मांडीवरून उठायला लागले. गुणाजीनं आपले हात खिशात मुठी करून धरले. बोलते, ती बोलते, घरी बोलते, असं तो हेडमास्तरांना सांगत होता, आणि रांगेतली माणसं त्याचा आवाज ऐकून एकमेकांकडं बघत होती. हेडमास्तरांनी परत नाव विचारलं, मग तिसऱ्यांदा विचारलं. मग त्यांनी टेबलाचा खण ओढला आणि छापील चिठ्ठी काढली. वर पेन ठेवलं.

गुणाजी पुढं झाला. त्यानं शकुला काखेत धरून स्टुलावरून खाली घेतलं, तिचे दोन्ही हात तिढा घालून पकडले, भेगाळलेले पाय तिच्या पायांना टेकवले, कंबरेत वाकला, आणि फुगडी घालायला लागला. भर व्हरांड्यात. पंचेचाळीस वर्षांचा बाप्या, हाफ पँटमधला, पायांना फडकी गुंडाळलेला. बायकांनी तोंडाला पदर लावले. खिडक्यांतून पोरं बाहेर डोकावली आणि खिदळायला लागली. हेडमास्तर उभे राहून काहीतरी ओरडत होते. गुणाजीला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याला बहिरेपणाचं बरं वाटलं.

आणि मग त्याला ते दिसलं. उंबऱ्यावर बसून दोन महिने बघताना जे कळलं नव्हतं ते. बघणाऱ्याला तोंडं फिरताना दिसतात, पण फुगडी घालणाऱ्याला समोरचं तोंड फिरत नाही. खांब फिरत होते, खिडक्या, टेबल, हेडमास्तर, सगळं फिरत होतं, आणि शकुचं तोंड त्याच्यासमोर एका जागी होतं. आधी ओठांचा चंबू झाला, फू, फू. मग दात दिसले, मग ओठ पुढं आले.

शकु. शकुंतला. गुणाजी. पालव.

त्यानं चारही शब्द वाचले. आपलं स्वतःचं नाव पोरीच्या ओठांवर बघितलं. तो थांबला नाही. आणखी दोन गिरक्या घेतल्या, तिनं आणखी दोनदा नाव सांगितलं, आणि चक्कर येऊन दोघंही फरशीवर बसली. गुणाजी रडत होता. हेडमास्तरांनी चिठ्ठी खणात टाकली आणि वही ओढून नाव लिहिलं. डोकं हलवत लिहिलं, पण लिहिलं.

पुढचा महिनाभर गुणाजीसारखा सुखी माणूस त्या वस्तीत नव्हता, हे सांगायलाच पाहिजे. पावसाळ्यात मिठागर बंद, तो विक्रोळीच्या एका गोदामात गोणी उचलायला लागला होता. सहाला सुरू, दुपारी सुट्टी. खांदे सोलवटलेले असायचे. पण शाळा सुटायच्या वेळी तो फाटकावर हजर. घरी गेलं की झोपडीत जेवढी जागा होती तेवढ्यात बापलेकीची फुगडी. शकु गिरकीगणिक सांगायची, बाई आली, पाटी फुटली, डब्यात भात. दोन-दोन शब्द, पण तो वाचायचा. बोली मालवणी नव्हती, मॉनिकाची, शाळेची होती, ओठांची वळणं त्याला नवी होती. ती तो शिकला. शेवंती म्हणायची, पुरे करा, पोरीला ओकारी येईल.

तोंड एकदा सुटलं ते सुटलंच. शकु आता चालताना बोलायची, जेवताना बोलायची, बसूनही बोलायला लागली. शेजारणी म्हणायच्या, किती बडबडते. हात मात्र विसरत चालली होती. एकदा गुणाजीनं न राहवून अंगठा ओठाला लावून तिला चहा मागितला, तर ती आपलं बघत राहिली.

जुलै संपता संपता काहीतरी बिनसलं. संध्याकाळी तो हात पुढं करायचा आणि शकु म्हणायची, नको. एकदा पाय दुखतो म्हणून, एकदा अभ्यास आहे म्हणून. पहिलीच्या पोरीला कसला डोंबलाचा अभ्यास? फाटकातून बाहेर आली की ती त्याच्या पुढं दहा पावलं चालायची, मैत्रिणींच्या घोळक्यात, आणि तिच्या डोक्याच्या हलण्यावरून तेवढं कळायचं की ती बोलतेय. घोळक्यातली एखादी मुलगी मागं वळून त्याच्याकडं बघायची आणि एका जागी गिरकी घ्यायची, आणि सगळ्या हसायच्या. गुणाजीला वाटलं, पोरी खेळतायत.

एका दुपारी नाल्यावरच्या मोरीपाशी शकु थांबली. मैत्रिणींना पुढं जाऊ दिलं. बाप जवळ आला तशी ती त्याच्याकडं वळली आणि उभी राहिली. पळत नव्हती, उड्या मारत नव्हती, पाय जुळवून, हात दोन्ही बाजूंना सरळ सोडून, तोंड वर करून उभी होती. त्याला नीट कळावं म्हणून तिनं एकेक शब्द सुटा केला. कसं बोललं म्हणजे बाबांना कळतं, हे तिला जेवढं ठाऊक होतं तेवढं जगात कुणाला ठाऊक नव्हतं.

"बाबा, उद्यापासून तू शाळेत येऊ नको. मुलं हसतात. फुगडीवाल्याची पोर म्हणतात मला."

एक शब्द सुटला नाही. फुगडीशिवाय, समोर उभं राहून, एवढं लांबलचक ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलली होती, आणि त्याला ते पहिल्या खेपेलाच सगळं कळलं. ती उत्तराची वाट बघत उभी होती. गुणाजीनं हात खिशात घातले.

"बरं," तो म्हणाला.

किती मोठ्यानं म्हणाला ते त्याला कळलं नाही. मोरीपलीकडं गेलेल्या मुली थांबून वळल्या, एक सायकलवाला वळून बघायला लागला, आणि शकुचं तोंड लालेलाल झालं. ती धावत मैत्रिणींकडं गेली. त्यांनी काहीतरी विचारलं, तिनं काहीतरी सांगितलं. ती पाठमोरी होती.

गुणाजी मोरीवर थांबला. पोरी वळणापलीकडं दिसेनाशा झाल्यावर तो चालायला लागला.